नळी निघणार नाही

दर्यापुरात रऊफ पिंजाऱ्याच्या गाद्यांना मोठं नाव. त्याने पिंजून भरलेली गादी बसत नाही, असं तालुक्यात म्हणत. त्याची थोरली लेक उज्मा एमडी झाली, त्यावर हैदराबादेत आयसीयूचं वेगळं शिक्षण घेतलं, तेव्हा ही पोरगी आता काही परत येत नाही, असं मोहल्ला धरूनच चालला. ती परत आली आणि अकोल्याच्या एका खाजगी दवाखान्यात मुलाखतीला जाऊन बसली.

"आयसीयू बाईमाणसाला झेपत नाही," मुख्य डॉक्टर गोवर्धन काळमेघ म्हणाले. "तुम्ही ओपीडी बघा. उद्या लग्न होईल, लेकरं होतील..."

"लग्न झालं सर. लेकरू पण आहे, दीड वर्षाचं. आयसीयू द्यायचा असेल तर द्या, नाहीतर मी अमरावतीला जाते."

काळमेघ हृदयरोगाचे नावाजलेले डॉक्टर, त्यांच्यासमोर असं कोणी बोलत नसे. तरी त्यांनी आयसीयू दिला. आपल्याकडे पेशंट जरा बिघडला की डॉक्टर हात झटकून म्हणतात, "नागपूरले न्या." उज्माने आपल्या वॉर्डात हे वाक्यच बंद करून टाकलं. जे नागपुरात होतं ते इथं का होत नाही, एवढंच ती विचारायची. त्यामुळे तिच्याबद्दल दोन मतं पडली. नर्सेस तिच्यावर जीव टाकत आणि बरोबरीचे डॉक्टर तिला हेकट म्हणत.

तिसऱ्या वर्षी श्रावणात सीमा आली. दर्यापूरजवळच्या खेड्यातली, सव्वीस वर्षांची. पहाटे पोट दुखतं म्हणून उठली. मग पापण्या जड झाल्या, थुंकी गिळता येईना. सासरे महादेवरावांनी तिला जीपमध्ये घातलं. अकोला येईस्तोवर तिचा श्वास जवळजवळ थांबला होता. उज्माने घशात नळी घातली, व्हेंटिलेटर लावला आणि एकच विचारलं, "काल झोपली कुठं होती?"

"खाली. गरमी होऊन राहिली होती म्हणून."

अंगावर कुठंच डंख नव्हता. पण मण्यार चावली की बहुतेक डंख दिसत नाही, दुखतही नाही. उज्माने सापाच्या विषावरचं औषध सुरू केलं.

दोन दिवस झाले. सीमाचं बोटही हललं नाही. बाहुल्या विस्फारलेल्या, टॉर्च मारला तरी तशाच. तिसऱ्या दिवशी सकाळी काळमेघ राउंडला आले. त्यांनी पापणी उघडून पाहिली आणि पलंगापाशीच म्हणाले, "मेंदू गेला. संपलं आता. नातेवाइकांना सांगा, घरी न्या म्हणावं."

"सर, बाहेर बोलू."

"इथं काय झालं?"

"तिला ऐकू येतं."

काळमेघ हसले. बाहेर पडल्यावर उज्मा म्हणाली, "हे विष नसा बांधतं, सर, मेंदू मारत नाही. बाहुल्यासुद्धा बांधल्या गेल्यात. सीटी स्कॅन साफ आहे."

"मेलेली माणसं वीस वर्षं बघतोय मी, उज्मा."

"ही मेलेली नाही."

तोवर नातेवाइकांपर्यंत गोष्ट गेलीच होती. महादेवराव दारात उभे राहिले. रडून डोळे लाल झालेले.

"म्याडम, मोठे डॉक्टर म्हणते संपलं. आता कावून तिचे हाल करून राहिल्या? नळी काढा, आमाले जाऊ द्या."

"नळी निघणार नाही, बाबा."

"सून आमची हाय का तुमची?"

"तुमचीच आहे. म्हणून तर म्हणते. मले शिव्या द्या, कलेक्टरकडं तक्रार करा. पण ती जिवंत आहे आणि जिवंत बाईची नळी मी काढत नाही. संध्याकाळपर्यंत थांबा. दाखवते तुमाले."

मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र त्या दवाखान्यात नव्हतं. शहरातल्या एका मेंदूविकार तज्ज्ञाकडे होतं. उज्माने फोन केला आणि तिथल्या तंत्रज्ञ मुलीला घेऊन ऑटोत बसली. खड्ड्यांतून ते यंत्र मांडीवर धरून आणलं. सीमाच्या डोक्याला तारा लावल्या. पडद्यावर लहरी उमटल्या, डोळे मिटून पडलेल्या जाग्या माणसाच्या असतात तशा.

"मशीनवर बाहेरचं काहीतरी येत असेल," काळमेघ म्हणाले.

उज्माने महादेवरावांना जवळ बोलावलं. "नातीचं नाव काय?"

"पौर्णिमा."

"सुनेच्या कानाशी बोला. पौर्णिमा काय करून राहिली, ते सांगा."

म्हातारा वाकला. "सीमा, बाई... पौर्णिमा शाळेत नाई गेली आज. आई कुठं हाय म्हणते. तिले काय सांगू?"

पडद्यावरची नक्षी बदलली. म्हातारा थांबला तशी ती पुन्हा पहिल्यासारखी झाली. तंत्रज्ञ मुलीने न सांगता दुसऱ्यांदा करून बघायला लावलं. पुन्हा बदलली. महादेवराव परत कानाशी वाकले आणि पौर्णिमाचं सांगत राहिले. काळमेघ निघून गेले.

त्या दिवसापासून उज्माने पलंगाशी रडायला बंदी केली. जो येईल त्याने सीमाशी बोलायचं, नाहीतर बाहेर थांबायचं. सहाव्या दिवशी उजव्या पायाचा अंगठा हलला. नवव्या दिवशी नळी निघाली. आवाज फुटला तेव्हा काळमेघ समोर उभे होते. सीमाने त्यांच्याकडे टक लावून बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "तुमीच म्हणत होते ना, संपलं म्हणून?"

काळमेघांनी हात जोडले. खरंच जोडले, सगळ्या नर्सेससमोर. पुढच्या महिन्यात त्यांनी ते यंत्र दवाखान्यात मागवलं, हेही सांगायला हवं.

सगळ्याच गोष्टी अशा झाल्या नाहीत. आश्विनात दर्यापूरकडचाच एक माणूस तशाच चाव्याने जीपमधून आला, पण वाटेतच गेला होता. आयसीयूच्या दारात उज्मा त्याच्या बायकोजवळ बसून राहिली. तिला एकच डाचत होतं. या माणसाला औषधाआधी नुसती हवा हवी होती, एक-दोन तास.

मग ती दर रविवारी दर्यापूरच्या जीपस्टँडवर जायला लागली. हाताने दाबून श्वास द्यायची रबरी पिशवी आणि एक प्लास्टिकचा पुतळा घेऊन, जीपवाल्यांना शिकवायला. डॉक्टरमंडळी हसली. जीपवाल्यांना डॉक्टरकी शिकवणार का, म्हणाली. वर्गाला जागा कुठं मिळेना, तेव्हा रऊफने दुकानातल्या गाद्या बाजूला सारल्या आणि पुतळा मधोमध निजवला.

पहिल्या रविवारी तिघंच आले. पिशवी हातात घेऊन नत्थुजी नावाचा साठीचा ड्रायव्हर म्हणाला, "म्याडम, मी तर गाडी चालवीन. दाबन कोण?"

"शेजारी बसलेला. त्यालाच शिकायला आणा पुढच्या वेळी."

"आन् दाबायचं कुठवर?"

"अकोला येईपर्यंत," उज्मा म्हणाली. "हात दुखला तर माणूस बदला. दाबायचं थांबू नका."