माझ्या टेबलासमोरची रांग

डाळ निवडताना ताटाच्या कडेला खडे जमत जातात ना, तसे आमच्या चर्चच्या व्हरांड्यात किस्से जमतात. मुद्दाम कोणी गोळा करत नाही. महिन्याच्या पहिल्या शनिवारी पोत्यांची तोंडं सुटतात, त्यांच्यासोबत आमचीही सुटतात, आणि दुपारी झाडायला घेतलं की एखादा किस्सा सांडलेला असतोच. बहुतेक माझ्याच फजितीचे. मी सांगितले नाहीत तर प्रमिला सांगेल, आणि एक सोडून बाकी सगळे ती माझ्यापेक्षा छान सांगते. हेच तर दुखणं आहे.

आधी थोडी ओळख करून देते. अमरावतीत, बडनेरा रोडच्या आतल्या बाजूला आमचं छोटं चर्च आहे. तिथे आम्ही 'थैली' चालवतो. पीठ, तांदूळ, तुरीची डाळ, तेल, मीठ, तिखट, सगळं बाजाराच्या निम्म्या किमतीत. येणाऱ्यानं आपली थैली घरून आणायची, आम्ही मापून भरून द्यायची. कोण कुठल्या धर्माचा, कुठल्या वस्तीतला, याच्याशी आम्हाला देणंघेणं नाही. ऑटोवाले येतात, धुणीभांडी करणाऱ्या येतात, बडनेरा स्टेशनवरचे हमाल येतात. फुकट मात्र काही नाही. फुकट म्हटलं तर अर्धे लोक लाजेनं येणारच नाहीत, असं आमच्या पाळकसाहेबांचं, म्हणजे पास्टरांचं, म्हणणं, आणि ते खरं आहे.

मी शाळेत गणित शिकवायचे. रिटायर झाल्यापासून डाळीचं माप माझ्या हाती. सगळे मला मॅडम म्हणतात. सुरुवातीला एकच टेबल होतं आणि ते माझं होतं.

मग अकोल्याहून प्रमिला आली.

*

तिच्या नवऱ्याला बडनेऱ्याकडच्या कुठल्याशा कंपनीत नोकरी लागली म्हणून ती दोघं इकडे आली. पुढे त्या कंपनीचं काहीतरी बिनसून पगार थकल्याचं कानावर आलं होतं. मी खोलात शिरले नाही. प्रमिलाबद्दल इतकं चांगलं ऐकायला मिळायचं की आणखी काही ऐकायची माझी तयारी नव्हती.

काम लवकर आटपावं म्हणून पाळकसाहेबांनी दुसरं टेबल लावून तिला उभं केलं. झालं! तासाभरात माझी रांग तिच्याकडे सरकली. तिची रांग गेटपर्यंत, आणि माझ्याकडे एकटी कुसुमबाई. ही मंगल कार्यालयात भांडी घासायला जाणारी, बारीक चणीची, खाली मान घालून थैली पुढे करणारी बाई. तिनं रांग बदलली नाही. तेवढ्यासाठी मी तिला मनातल्या मनात शंभरपैकी शंभर दिले होते.

प्रमिलाचं गुपित मी दुरून पाहून ठेवलं. ती थैली भरता भरता प्रत्येकीला विचारायची, "काय वं माय, आज काय केलं घरी?" बाई सांगायची. मग ही म्हणायची, त्यात जरा जवस कुटून टाकून पाय. बाई हसत हसत घरी जायची.

आणि माझ्याकडे? माझ्याकडे लोक हात मागे बांधून उभे राहायचे. एकदा एक मिशीवाला, चांगला दोन पोरांचा बाप असलेला ऑटोवाला समोर आला. मी चष्म्यावरून पाहिलं आणि त्याचं नाव घेतलं. तो ताठ झाला आणि म्हणाला, "हजर, मॅडम."

माझाच विद्यार्थी निघाला. पुढच्या महिन्यात तोही प्रमिलाच्या रांगेत होता.

*

आमच्याकडे एक पद्धत आहे. थैलीत जेवढं सामान असतं तेवढ्यातच होणारा एक पदार्थ आमच्यापैकी कोणीतरी शिजवून आणायचा आणि येईल त्यानं वाटीभर चाखून जायचं. याला आम्ही 'चव' म्हणतो. एवढ्याशा सामानात काय होणार, असं कोणाला वाटू नये म्हणून.

एका शनिवारी चुकून आम्ही दोघींनीही चव आणली. मी साधं वरण केलं होतं. प्रमिलानं डाळ भरडून गोळाभात केला होता, वरून लाल मिरचीचं तेल. तिचं पातेलं लोकांनी खरवडून नेलं. ती मात्र स्वतः घासभरही खात नसे, सगळ्यांना वाढून रिकामं पातेलं पिशवीत घालायची. नखरा, दुसरं काय! असं मी तेव्हा म्हणायचे.

माझ्या वरणाकडे कोणी फिरकलं नाही. फक्त पाळकसाहेब येत होते. एकदा आले, वाटी भरून घेतली. पुन्हा आले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मला राहवलं नाही. प्रमिलाला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हटलं, साहेब, आज वरण फारच आवडलेलं दिसतंय.

साहेबांनी भुरका मारला. "आवडीचं काही नाही मॅडम. डॉक्टरनं मसाला बंद केलाय."

प्रमिलानं मान खाली घालून हसू दाबलं. ती मोकळी हसली असती तर मी माफ केलं असतं.

*

आता तुम्ही म्हणाल, ही बाई फार जळकी आहे. तर दोन जावांचा किस्सा ऐका.

एकाच घरात दोन चुली मांडलेल्या सख्ख्या जावा. दोघी एकाच वेळी येणार, एकमेकींच्या थैल्यांवर डोळा ठेवणार आणि गेटजवळ पोचल्या की भांडण सुरू. हिच्या थैलीत डाळ जास्त, तिच्या थैलीत तेलाचा पुडा मोठा. एकदा तर दोघी तणतणत परत आल्या. माप माझं होतं! मी गणिताची बाई. तराजूत दोन्ही थैल्या ठेवून मी दोघींना काटा दाखवला. तिळाचाही फरक नव्हता. पण दोघींचा काट्यावर विश्वास नव्हता. मी समीकरण मांडून दाखवायच्या बेतात होते.

एवढ्यात प्रमिला आली. तिनं काही समजावलं नाही. हिच्या हातातली थैली तिला दिली आणि तिच्या हातातली हिला. दोघींचे चेहरे फुलले. दोघी एका ऑटोत बसून गेल्या.

पुढच्या महिन्यात मी त्यांच्या थैल्या भरल्या आणि पुढे केल्या, तर थोरली म्हणते, "थांबा मॅडम. मांगच्या खेपेसारख्या बदलून द्या."

भरलेल्या मी. बदलून दिल्या प्रमिलानं. धन्यवाद तिला.

*

अकोल्याच्या चर्चमध्येही थैली चालते. पाळकसाहेब म्हणाले, तुम्ही जाऊन बघून या, त्यांचं काम कसं चालतं. मी बडनेऱ्याहून गाडी धरली. खरं सांगू? मला काम बघायचं नव्हतं. प्रमिलाबद्दल एखादा वाईट शब्द ऐकायला मिळतो का, ते बघायचं होतं.

गेल्या गेल्या जीव जळायला सुरुवात झाली. त्यांच्याकडे इलेक्ट्रॉनिक काटा. आमच्याकडे तराजू. त्यांच्या भिंतीला रंग. आमच्या भिंतीला पोपडे. बार्शीटाकळीकडच्या एका शेतकऱ्यानं त्यांना तुरीची डाळ घरची करून पाठवली होती, अशी पिवळीधमक की मी मूठभर हातात घेऊन बघतच राहिले. आणि जो भेटेल तो एकच विचारायचा, आमची प्रमिला कशी आहे?

मी प्रत्येकाला छान आहे, छान आहे म्हणत कोपऱ्यात जाऊन बसले. तिथे साठीची एक बाई मिठाच्या पुड्या मोजत होती. तिनं मात्र प्रमिलाचं नाव काढलं नाही. मीच काढलं. तिनं आजूबाजूला पाहिलं आणि हळूच म्हणाली, "गेली ते बरं झालं. आता कुठं माह्या टेबलापुढं मानसं उभी राहून राहिली."

मला माझं माणूस भेटलं! आम्ही दोघी चर्चबाहेरच्या टपरीवर जाऊन चहा प्यालो. मग अजून एकदा प्यालो. परतीची गाडी चुकली, पण मी हसतमुखानं दुसऱ्या गाडीची वाट पाहिली. पाळकसाहेबांना कामाचा अहवाल काय द्यायचा, हे मात्र मला शेवटपर्यंत सुचलं नाही.

*

अकोल्याहून आले ती एक निश्चय करूनच. प्रमिला विचारते ना? मग मीही विचारणार.

पहिलेच आले एक आजोबा. मूळचे पातूरकडचे, आता मुलाकडे अमरावतीत राहणारे. मी चेहरा गोड केला आणि विचारलं, काय आजोबा, आज घरी काय केलं?

आजोबांनी थैली खाली ठेवली. काठी टेबलाला टेकवली. सून काय करते तिथून सुरुवात झाली, मग त्यांची म्हातारी हयात असताना काय करायची त्यावर गेले, मग पातूरच्या शेतातल्या वांग्यांवर. माझ्या रांगेत जे चारदोन लोक उरले होते तेही बघता बघता पलीकडे गेले. आजोबा वांग्यावरून उतरेपर्यंत माझ्यासमोर फक्त कुसुमबाई उरली होती.

मी थकले होते, पण नियम म्हणजे नियम. तिलाही विचारलं. ती थैलीकडे बघत म्हणाली, भाजीपोळी. प्रमिला एवढ्यावर थांबत नाही, म्हणून मीही थांबले नाही. कशाची भाजी? ती निघालेल्या आजोबांकडे बघून म्हणाली, वांग्याची.

पुढच्या महिन्यात कुसुमबाई आली नाही. मी तडक प्रमिलाच्या रांगेकडे पाहिलं. तिथेही नव्हती. मला एवढं हायसं वाटलं की काय सांगू! प्रमिलाकडे गेली नाही, या आनंदात ती गेली कुठे, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्याच्या पुढच्या महिन्यातही ती आली नाही.

*

आता शेवटचा. हा किस्सा प्रमिला सांगत नाही.

मुलांच्या संडे स्कूलला टेबल कमी पडू लागलं. पाळकसाहेबांनी ठरवलं, थैलीला एकच टेबल पुरे. कुठलं, ते त्यांना सांगावं लागलं नाही. माझं टेबल तिकडे न्यायचं म्हणून घडी करून भिंतीला टेकवलं गेलं आणि मला प्रमिलाच्या बाजूला मिठाच्या पुड्या द्यायला उभं केलं. मिठाच्या पुड्या! मला अकोल्याची ती बाई आठवली. सबंध सकाळ मी एकेक पुडी थैलीत आपटत होते.

अकराच्या सुमाराला कुसुमबाई आली. आधीपेक्षा वाळली होती. तिनं रांगेकडे पाहिलं, भिंतीला टेकवलेल्या टेबलाकडे पाहिलं आणि त्या टेबलाशेजारच्या पायरीवर जाऊन बसली. रिकाम्या थैलीची घडी मांडीवर. प्रमिलानं तिला दोनदा हाक मारली. तिनं नुसती मान हलवली.

रांग संपली. पाळकसाहेब तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, बाई, बंद करायची वेळ झाली, कोणासाठी थांबलात? ती म्हणाली, मॅडमसाठी.

मी मिठाचे हात पुसत निघाले. छाती अशी भरून आली होती की विचारू नका. प्रमिलाला ऐकू जाईल अशाच आवाजात मी म्हटलं, "कुसुम, तिकडे सगळे जातात. तू माझ्यासाठीच का थांबलीस?"

कुसुमबाईनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती थैलीच्या घडीशी बोलल्यासारखी बोलली.

"प्रमिलाताई लय चांगल्या हायेत. पन त्या विचारतात, आज काय केलं. तुमी पयले काहीच विचारत नव्हत्या. मधात तुमीबी विचारून राहिल्या होत्या, म्हनून आली नाही मी. आता भागत नाही म्हनून आली. विचारलं का खोटं सांगा लागते मॅडम. अन् चर्चात खोटं सांगाले मले बरं नाही वाटत."

प्रमिला माझ्या मागे येऊन उभी होती. तिनं सगळं ऐकलं. ती पुढे झाली, भिंतीला टेकवलेल्या टेबलाचं एक टोक तिनं धरलं, दुसरं मी धरलं, आणि ते आम्ही जुन्या जागी नेऊन उघडलं. पाळकसाहेबांनी डाळीचं पोतं ओढत आणून दिलं.

मी कुसुमबाईची थैली भरली. पीठ, तांदूळ, डाळ, तेल. ती थैली उचलून बाजूला झाली.

मी मान वर केली तर तिच्या मागे प्रमिला उभी होती. तिच्या हातात घरून आणलेली, नीट घडी घातलेली एक थैली होती. रिकामी. ती माझ्याकडे बघत नव्हती.

मी डाळीचं माप भरलं. काही विचारलं नाही.

व्हरांड्यात त्या वेळी एकच रांग होती, आणि ती माझ्या टेबलासमोर होती.