काकी वॉर्डात कशा आल्या?

करणी, दिष्ट, चेटूक... यावर माझा कधीच विश्वास नव्हता. मी शाळेत विज्ञान शिकवते. तरीही हे लिहितेय.

पेडणे तालुक्यात, हळर्णच्या बाजूला माझं सासर. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. शेजारी सुमतीकाकी एकट्या राहायच्या — विधवा, सत्तरीच्या. वाड्यावर, म्हणजे आमच्या वाडीत, कोणाची म्हैस मेली तरी लोक त्यांच्या दाराकडे बघत. मी हसण्यावारी न्यायची.

दोन वर्षांपूर्वी माझ्या सहा वर्षांच्या मनवाचा ताप उतरेना. सकाळी तिला म्हापशाला हॉस्पिटलात नेण्यासाठी गाडीत बसवत होते, तेव्हा मोठ्या जाऊबाईंनी विचारलं, काल ही कोणाकडे जेवली? मी म्हटलं, "सुमतीकाकींकडे. त्यांनीच पेज भरवली."

एवढंच. पण त्या का विचारतायत ते मला कळलं होतं... आणि त्या क्षणी मलाही ते खरं वाटलं होतं.

त्याच दिवशी दुपारी चारच्या सुमारास मी वॉर्डातून खाली औषधं आणायला गेले. परतले तर मनवा जागी. "आई, काकी खंय गेली?" म्हणाली, काकी उशाशी बसून कपाळावरून हात फिरवत होती, तिच्या कानातून रक्त येत होतं. तापातलं बडबडणं, मला वाटलं. पण शेजारच्या खाटेवरच्या बाईंनीही विचारलं — तुमच्या त्या म्हाताऱ्या बाईंना लागलंय, डॉक्टरांना दाखवलं की नाही?

संध्याकाळी नवऱ्याचा फोन आला. चार वाजता वाड्यावरच्या सात-आठ जणांनी मनवावर करणी केली म्हणून काकींना अंगणात ओढून मारहाण केली होती. डावा कान फाटला होता.

नंतर पोलिसांनी मलाही विचारलं. मी हॉस्पिटलात होते, काही पाहिलं नाही, असं सांगितलं. जाऊबाईंचा प्रश्न आणि माझं उत्तर... ते सांगितलं नाही.

मनवा बरी झाली. काकी बांद्याला भाचीकडे राहायला गेल्या. महिन्याभराने मी तिथे जाऊन त्यांचे पाय धरले, सकाळच्या बोलण्यापासून वॉर्डापर्यंत सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, त्या दिवशी मी अंगणाबाहेर पडलेच नव्हते. मग हळूच म्हणाल्या, "गावात कोणाक सांगू नको गो. परत मारूक येतले."

म्हणून गावात अजून कोणाला सांगितलेलं नाही. त्या दुपारी मनवाजवळ कोण बसलं होतं, मला आजही माहीत नाही. गाडीपाशी मी गप्प का राहिले नाही, ते मात्र माहीत आहे.