आक्का, जरा डावीकडं

रेखा, ये, अशी जवळ बस. तो मोबाईल पालथा ठेव आधी. दौंडहून इथवर आलीस ती एकटीच, बापाला घरी ठेवून, आणि चहा घ्यायच्या आधी त्याचीच तक्रार. म्हणे नाना तुमच्या क्वार्टरमध्ये आल्यागेल्याला इकडं बसा, तिकडं बसा करतात. जावईबापूंच्या साहेबांना सुद्धा सोफ्यावरून उठवून दुसऱ्या टोकाला बसवलं. तुला तो बाप म्हणून माहीत, बाई. होडीवरचा नाना, माझा भाऊ, तुला कुठं माहीत? तू लग्न होऊन गेलीस तेव्हा होडीला वल्ही होती. इंजिन नंतर आलं, आणि माझ्या डोक्याचा ताप तिथून सुरू झाला.

माणूस काठावरून खाली उतरताना दिसला की नाना त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघायचा. ओळख असो नसो. मग हात हलवायचा. "तुम्ही उजवीकडं. पोरी, तू मधी. मामा, तुम्ही डावीकडं. अजून डावीकडं." लोकांना वाटायचं, काय रुबाब आहे नावाड्याचा. रुबाब कसला, होडी वाकडी चालायची. इंजिन म्हणजे मागच्या फळीला शिकंज्यानं आवळून टांगलेलं. पंखा खाली पाण्यात, धरायचा दांडा वर. ते कुठंतरी चुकीचं बसलं होतं. होडी उजवीकडं कलायची आणि नाक मात्र डावीकडं ओढायची. जड माणसं डाव्या अंगाला बसली की तेवढ्यापुरती सरळ.

"नाना, इंजिन नीट बसवून घे रे," असं मी किती वेळा म्हटलं असेल. त्याचं उत्तर ठरलेलं, "बरोबर मधी हाय, आक्का. दोरी लावून बघितलंय." त्यानं फळीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत दोरी धरली होती, ती दुमडून निम्मी केली होती आणि तिथं खूण करून इंजिन टांगलं होतं. मग सुरू झाली ठिगळं. शिकंज्याखाली चपलेचा रबर घाल, सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाल, लाकडाची पाचर ठोक. चार खेपा झाल्या की सगळं हलून पुन्हा तेच. मी चिडले की म्हणायचा, "चालतीय न्हवं?" चालत होती, पण ती सरळ ठेवायला दांडा धरणाच्या अख्ख्या फुगवट्याभर, या काठापासून त्या काठापर्यंत, रेटून धरावा लागायचा. संध्याकाळी खांदा सुजायचा. मिठाची पुरचुंडी कुणी गरम करायची? मी.

आता शीतलचं सांगते. माझी सून. रांजणगावला कंपनीत कंत्राटावर लागली, आणि आमच्या घरात महिन्याच्या महिन्याला येणारा पगार तो तेवढाच. कंपनीची बस घोड नदीच्या पलीकडच्या तीरावर, रस्त्याला थांबते. रस्त्यानं वळसा घालून जायचं म्हटलं तर बस निघून जाते, म्हणून होडी. गावातल्या आणखी काही पोरी तिच्यासोबत जायच्या. पण रेखा, या सगळ्या पोरी शिडशिडीत गं. सगळ्यांना डावीकडं बसवलं तरी होडीला पत्ता लागत नव्हता. धक्क्याला लागायची सोडून ती डावीकडच्या गाळात जाऊन रुतायची.

यावर तुझ्या बापानं काय शोधून काढलं? मला. सकाळी हातातला कप ठेवायला लावून तो मला होडीत नेऊन बसवायचा, डाव्या कडेला, पदर सावरून, पाण्याकडं पाठ करून. पोरींना पलीकडं सोडायचं नि परत यायचं. मला ना कंपनीत जायचं ना बाजारात. निव्वळ वजन म्हणून.

एकदा म्हटलं, "अरे, एक वाळूची गोणी टाक की माझ्या जागी."

तर म्हणतो कसा, "गोणी गप बसती, आक्का. तिला सरक म्हटलं तर सरकत न्हाई. जरा डावीकडं हो."

पोरी तोंडाला ओढणी लावून हसायच्या.

एक मात्र आहे. कुणाचं वजन किती नि कुठं, हे त्याच्या हाताला दांड्यातून कळायचं. एक दिवस मधेच इंजिन बारीक करून त्यानं शीतलला विचारलं, "डबा खात न्हाईस व्हय गं?"

"खाते की मामा."

"मला सांगती होय. होडी सांगतीय, तू हलकी झालीस."

ती रडायलाच लागली. सुपरवायझरच्या धाकानं जेवणाच्या सुट्टीतही पोरगी मशीनवरून उठत नव्हती. एका घरात, एका चुलीवर राहून मला ते कळलं नव्हतं. होडीनं येणाऱ्या-जाणाऱ्या रखमाबाईलाही त्यानंच दवाखान्यात धाडलं. "बाई, तुम्ही महिन्यात निम्म्या झाला, रक्त तपासून या." साखर निघाली.

पण म्हणून वाकडं इंजिन वाकडंच ठेवायचं का? कवठे येमाईला आमच्या नणंदेच्या नातीचं लग्न होतं, मी आदल्या दिवशी तिकडं गेले. सकाळी होडी गाळात. पोरी गुडघाभर चिखलातून काठावर चढल्या तेव्हा बस वळणावरून जात होती. आधीही उशीर झालेलाच. सुपरवायझरनं शीतलला फोनवर सांगितलं, आणखी एकदा बस चुकली तर येऊच नको. मी परत आले तर पोरगी चिखलाचा ड्रेस घासत बसलेली. मी तशीच काठावर गेले नि तुझ्या बापाला सांगितलं, "आता तुझं ‘चालतीय न्हवं’ बास झालं."

सुट्टीच्या दिवशी होडी काठावर ओढली. शीतल कंपनीत तेच काम करते, भाग जागच्या जागी बसवायचं. तिनं गवंड्याकडून ओळंबा आणला. होडीच्या नाकापासून तळाच्या मधल्या पट्टीवरून मागपर्यंत दोरी ताणली, फळीशी ओळंबा सोडला आणि म्हणाली, "मामा, बघा."

इंजिन उजवीकडं चार बोटं सरकलेलं. होडी पत्र्याची, गावातच जोडलेली. उजवी बाजू फुगीर, डावी चपटी. फळीचा मध्य तो होडीचा मध्यच नव्हता.

नाना खाली बसला, एक डोळा मिटून दोरीकडं बघत राहिला. "म्हंजी मी मोजलं ते बरोबरच हाय," म्हणाला. "होडीच चुकली."

हा तुझा बाप.

शिकंज्यानं जुनी फळी चघळून टाकली होती. नवी फळी घातली, तिला लोखंडी पट्टी, आणि इंजिन चार बोटं डावीकडं घेऊन आरपार बोल्ट मारायचं ठरलं. यावर पुन्हा भांडण. "होडीला भोक पाडायचं न्हाई," म्हणून हा आडवा. शीतलनं पाणी कुठवर येतं त्याची खूण दाखवली, भोकं तिच्या कितीतरी वर होती. तरी ड्रिल सुरू झालं तसा तो पाठ फिरवून झाडाखाली जाऊन उभा राहिला. भोकांत सील भरलं, बोल्ट आवळले, आणि दुसऱ्या दिवशी होडी ताणलेल्या दोरीसारखी सरळ धक्क्याला लागली. बस यायची होती अजून. शीतलची नोकरी टिकली. पोरी हव्या तिथं बसल्या, मोबाईल बघत. मला कुणी न्यायलाही आलं नाही. मी चहा पूर्ण प्यायले.

आणि नाना गप्प झाला. कुणाला बघेना, कुठं बस सांगेना. दांडा दोन बोटांनी धरायचा नि पुढं बघायचा. मी विचारलं, खांदा बरा आहे का? म्हणाला, "खांद्याला आता काय काम हाय?" वाकडी होती तोवर त्या होडीला त्याच्यावाचून कुणी हात लावू शकत नव्हतं. सरळ झाली तसं भावकीतला कुणीही चालवायला लागला. मग त्याचे गुडघे दुखायला लागले, आणि तू येऊन त्याला दौंडला घेऊन गेलीस. मी काही चुकलं म्हणणार नाही. इंजिन सरळ करायलाच हवं होतं. पण सरळ झालेल्या होडीत त्यानं एवढं परकं का व्हावं, याचा मला राग येतो, आणि तो राग काढायला तो इथं नाही.

परवा मी पलीकडं दवाखान्यात जाऊन आले. होडीत चढले, मोकळी जागा बघून बसले. कुणी डावीकडं म्हटलं नाही, उजवीकडं म्हटलं नाही. हा ब्लाउज बघ, मागच्या दिवाळीला दंडाला काचत होता. आता दोन बोटं जातात. घरात सगळी म्हणतात, बरी दिसताय की.

म्हणून सांगते, पुढच्या खेपेला त्याला एसटीत बसवून घेऊनच ये. गुडघ्यांचं कारण ऐकून घेऊ नकोस. त्याला सांग, आक्कानं एक फेरी मारायला बोलावलंय, ती डाव्या कडेला बसणार आहे, आणि दांडा त्यानं धरायचा आहे. होडी काय सांगते ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे. फार लांबवू नका, लवकर या.