मिनूच्या हातून न उडालेली गोळी

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी ‘काका, तुम्हीसुद्धा?’ असं विचारायला नको. भुतंखेतं, दृष्ट, देवीचा कौल... यातलं काहीही मी मानत नाही. जन्मभर तेलाच्या विहिरींवर इंजिनीअर म्हणून काम केलंय. वस्तू चालत नसली तर त्याला कारण असतं, आणि ते सापडेपर्यंत मला चैन पडत नाही. हे एक कारण मात्र अजून सापडलेलं नाही, आणि त्याचाच वैताग जास्त आहे!

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. आम्ही टेक्सासात, शुगर लँडला राहायचो. ऑफिसातल्या मंडळींच्या नादानं मी एक लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल घेतली — ट्रिगरभोवतीची कडी खाली-वर केली की नवं काडतूस चढतं, ती. कॉलेजात एनसीसीत माझा नेम बरा होता, एवढंच निमित्त. त्याच सुमाराला नागपूरहून आई आली होती. आणि आला दसरा. खरा दसरा आठवड्यात मध्येच, पण आमचे सगळे सण शनिवारी, तसा तोही.

रायफल पाहून आईला असा काही उत्साह चढला! “घरात खरं शस्त्र असताना सुरी-कात्रीची पूजा कशाला रे?” झालं. रायफल पाटावर, वर हळदकुंकू, अक्षता, शेजारणीच्या बागेतला झेंडू. आदल्याच दिवशी मी नळी आतून-बाहेरून चकचकीत पुसून ठेवलेली! पण सणाच्या दिवशी कटकट नको म्हणून गप्प बसलो. संध्याकाळी वरचं कुंकू पुसलं आणि रायफल गाडीच्या डिकीत टाकली.

रविवारी सकाळी मी आणि माझी मुलगी मिनू नेमबाजीच्या रेंजवर गेलो. मिनू तेव्हा हायस्कूलला होती. जन्म इथलाच, मराठी समजायची सगळी, पण उत्तर इंग्रजीत. गावाबाहेर पत्र्याची शेड, समोर मातीचा बंधारा, आणि ऑक्टोबर असूनही अंगाला चिकटणारा उकाडा.

“बाबा, आय वाँट टू गो फर्स्ट.”

“नवी आहे, आधी मला बघू दे.”

“यू ऑलवेज गो फर्स्ट!”

बरं बाई, घे. तिनं कानाला आवाज अडवणारे मफ लावले, गाल रायफलीच्या लाकडावर टेकवला, ट्रिगर दाबला. खट्! बस, एवढंच.

“नीट दाब की गं.”

“आय अ‍ॅम प्रेसिंग इट, बाबा!”

गोळी उडाली नाही तर नळी टार्गेटकडेच रोखून थांबायचं असतं, उशिरानं उडू शकते. थांबलो. कडी ओढून ते काडतूस काढलं, दुसरं चढवलं. खट्. तिसरं. खट्. माझं डोकं असं फिरलं म्हणता! नवीकोरी वस्तू, आणि ही तऱ्हा? मनातल्या मनात दुकानदाराचा उद्धार केला. “सरक, मी बघतो.” मीही दाबला. खट्!

“सो इट्स नॉट मी,” असं म्हणून मिनू फणकाऱ्यानं गाडीत जाऊन बसली.

रेंजवर देखरेख करणारा रॉय नावाचा म्हातारा होता, तो आला. त्यानं रायफल रिकामी केली, साफ करायची सळई नळीत घातली... ती थोडी आत जाऊन अडकली. जोर लावून, फिरवून फिरवून त्यानं आतलं खरवडून काढलं. टेबलावर लालसर तपकिरी ढेकळं पडली. रॉयनं वास घेतला. “व्हॉट इन द वर्ल्ड...?”

मला वास घ्यायची गरजच नव्हती. गूळ-खोबरं! आईनं नव्या रायफलीचं तोंड गोड केलं होतं. (वर दिसलं तर मुंग्या लागतील, म्हणून उदबत्तीच्या काडीनं आत सारलं, हे घरी गेल्यावर कळलं.) डिकीतल्या दमट उकाड्यानं ते पाघळून नळीत घट्ट बसलं होतं.

रॉयचा चेहरा उतरला. बंद नळीत गोळी उडाली असती तर नळी फाटली असती, आणि ती नेम धरणाऱ्याच्या तोंडाजवळ, असं तो हळू आवाजात म्हणाला. मिनूचा गाल तिथेच टेकलेला होता. मी वळून गाडीकडे पाहिलं. मला घाम फुटला होता, पण उकाड्याचा नव्हे.

तरी इंजिनीअरची खोड! गोळ्या उडाल्या का नाहीत? ट्रिगर दाबला की काडतुसाच्या बुडावर आपटते त्या पिनचे खड्डे उमटले होते, चांगले खोल. अशी काडतुसं टाकून द्यायची असतात, पण आता रॉयलाही राहवेना. त्यानं नळी स्वच्छ केली, उजेडाकडे धरून तपासली, आणि तीच काडतुसं पुन्हा भरून ट्रिगर दाबला.

धाड! धाड! एकूण एक उडाली.

“आय डोंट लाइक इट,” एवढंच रॉय म्हणाला आणि रायफल माझ्या हातात देऊन निघून गेला.

दमट काडतुसं? रेंजवर जातानाच नवा डबा फोडला होता. पिनचा फटका कमी पडला? एखादं काडतूस दुसऱ्या फटक्याला उडतं, मान्य. पण सगळी? आणि नळी साफ झाल्यावरच? पुढे कित्येक वर्षं ती रायफल वापरली, एकदाही अडली नाही.

घरी येऊन मी आईवर तोंडसुख घ्यायला सुरुवात केली. “अगं, काय घातलंस त्या नळीत!” पण तिनं एकच विचारलं, “मिनूच्या हातात होती?” मी हो म्हटलं. ती भिंतीला टेकून खाली बसली. मग म्हणाली, “देवीनं राखलं रे.”

“आई, गूळ तू घातलास, आणि राखलं देवीनं?”

त्या रात्री ती जेवली नाही. फक्त म्हणाली, “पोरीला सांगू नकोस. आजीच्या हातून असं झालं, हे तिला नको कळायला.” मी शब्द दिला. आई आता नाही, पण शब्द आहे.

आता मिनूला स्वतःची मुलं आहेत. जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर ती अजून मला टोचते — “बाबा ब्रोक हिज न्यू गन, सेंट मी टू द कार, अँड देन फायर्ड ऑल द शॉट्स हिमसेल्फ!” मुलं हसतात. गाडीत बसून तिनं नुसते आवाज ऐकले होते. ती हात हलवत, तावातावानं भांडत असते, गालावर खळी पडते... आणि मी भाताचा घास तसाच हातात धरून तिच्याकडे बघत बसतो.