खदानीतल्या तळ्यात दोघं भाऊ

माझे वडील, म्हणजे आबा, आणि माझे काका एकमेकांशी बोलत नव्हते. पण बोलणं काही थांबलेलं नव्हतं. ते माझ्यामार्फत चालायचं. दोन्ही घरांचं अंगण एकच. आबा ओसरीवर बसून म्हणायचे, "तुज्या काकाला सांग, त्याचं वासरू सुटलंय म्हणाव." काका चार हातांवर उभे असायचे, ऐकत. तरी मी सांगेपर्यंत जागचे हलायचे नाहीत. मग म्हणायचे, "सांग भाऊला, बांधायलोय म्हणाव." आबांच्या शिव्या मी मधल्यामध्ये गाळायचे, काकांच्या बोलण्याला थोडी साखर लावायचे. लग्न होऊन परभणीला आले तरी सुटका नाही. आबांचा पेडगावहून फोन यायचा, मी परभणीहून काकांना फोन लावायचे, आणि निरोप पोचेपर्यंत वासरानं आबांचा कडबा फस्त केलेला असायचा. नवरा मला टेलिफोन एक्स्चेंज म्हणायचा.

भांडण खदानीचं. काकांनी आपल्या वाटणीचं मुरमाड रान आबांना न विचारता दगडाच्या खदानीला दिलं. सुरुंग उडू लागले, धूळ आबांच्या कापसावर बसू लागली. तेही आबांनी सहन केलं असतं. पण आजोबांनी या दोघा पोरांना हाताशी घेऊन खणलेली विहीर त्या खोदकामात गेली. त्या दिवसापासून आबांनी काकांशी बोलणं टाकलं.

पुढं कामाचा दगड संपला, खदान बंद पडली आणि खड्ड्यात पाणी साचलं. ग्रामपंचायतीनं कठडा बांधला, बाकडी टाकली, पायडलच्या होड्या आणल्या. रविवारी परभणीची माणसं लेकरंबाळं घेऊन येतील, कणसं खातील, फोटो काढतील, असा बेत. उद्घाटनाला सरपंचबाईंनी जाहीर करून टाकलं, "पहिली फेरी ह्या रानाच्या दोघा भावांची!" बाईंना भांडण पुरतं ठाऊक होतं, म्हणूनच केलं त्यांनी. गावासमोर नाही म्हणणं दोघांनाही जमेना. धोतरावर केशरी जाकीट चढवून दोघं हंसाच्या आकाराच्या होडीत बसले. मी काठावरच राहिले. होडीत जागाच दोघांची. मी नसताना हे बोलणार कसे?

खदानीच्या कड्यांमध्ये आवाज घुमतो, त्यामुळं सगळं गावानं ऐकलं. होडी वळवायचा दांडा मधोमध, काकांच्या हातात. आबा हंसाच्या मानेकडं बघत म्हणाले, "सांग रे त्याला, दांडा डावीकडं वढ म्हणाव."

काकांनीही हंसालाच सांगितलं, "सांग भाऊला, दांडा अडकलाय म्हणाव."

हंस काही बोलेना. काठावर खसखस पिकली. मीही तोंडाला पदर लावला. होडी मात्र सरळ समोरच्या कातळाकडं निघालेली.

"आरं, उलटं मार पायडल! दगडाला धडकंल की!" आबा ओरडले. हंसावर नव्हे, काकांवर.

काठावरचं हसू एकदम थांबलं. इतक्या वर्षांत आबा पहिल्यांदाच भावाशी थेट बोलले होते. मला रडू फुटलं, आणि कोण बघतंय याची मी मुळीच पर्वा केली नाही.

होडी मागं सरली आणि तळ्याच्या मध्यावर थांबली. काका हळू बोलले, पण कड्यांनी तेही काठापर्यंत आणून दिलं.

"भाऊ, इहीर इथंच होती का हो?"

आबांनी वाकून पाण्यात बघितलं. "न्हाई. जरा पलीकडं. निंबापाशी."

मग निघाले दोघं विहीर शोधायला. होडीवाला शिट्ट्या मारतोय, पुढची माणसं रांगेत खोळंबलीत, आणि हे दोघं पायडल मारत पाण्यावर बोटं दाखवताहेत. निंबही कधीच गेलेला. शेवटी सरपंचबाई म्हणाल्या, "फिरू द्या त्यांना." मग रांगेतल्यांनी दुसऱ्या होड्या घेतल्या.

संध्याकाळी मी अंगणात चहा नेला, तर तिथं जोरात वाद चाललेला. काकांचं म्हणणं, निंब विहिरीच्या उगवतीला होता. आबांचं म्हणणं, मावळतीला. आवाज चढले, आबांच्या तोंडून एक शिवीही गेली. मी सवयीनं कप खाली ठेवला आणि मधे पडले, "आबा, काका म्हणतात की..."

आबांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

"तू मधी बोलू नको," ते म्हणाले. "आमी बोलायलोत."