शंखाच्या शेपटीतले आजोबा

तुम्ही दोघा नातवंडांनी गेल्या हिवाळ्यात माझ्या लॅपटॉपवर ते संगीताचं सॉफ्टवेअर टाकलंत आणि आपापल्या देशी परत गेलात. तेव्हापासून रोज सकाळी पूजा आटोपली की मी हेडफोन लावून बसते. आजोबा त्याला ‘ऑफिस’ म्हणतात. “ऑफिस सुटलं का? भात लावायचाय.”

या अँबियंट संगीताला चाल नाही, ताल नाही, शब्द नाहीत. उदबत्तीचा वास जसा खोलीत नुसता असतो, तसं ते नुसतं असतं, असं मी आजोबांना समजावलं. ते म्हणाले, “मग उदबत्तीच लाव. वीज तरी लागत नाही.”

माझी शिस्त तुम्हाला ठाऊक आहे. घरातला एक आवाज घ्यायचा, ताणायचा, त्याच्यावर दुसरा ठेवायचा, फाइलला नीट नाव द्यायचं. मिक्सर ताणला की वादळ होतं. कुकरची शिट्टी ताणली तर कोणीतरी लांबवर गळा काढल्यासारखं वाटायला लागलं. ती मी काढून टाकली.

मग धाकटे, तुझा फोन आला. नव्या गावात इतकं सामसूम, की तुला झोपच येत नव्हती. “आजी, मला आपल्याकडची संध्याकाळ करून दे. लांबलचक. संपायच्या आत मी झोपले पाहिजे.”

आपल्याकडची संध्याकाळ म्हणजे शंख. समोरच्या बाल्कनीतल्या बंगाली शेजारीणबाई दिवेलागणीला तीनदा शंख फुंकतात. तो ताणला की नदीत एखादं मोठं जहाज सावकाश वळतंय असं वाटतं. मी रोज त्यांचा शंख टिपून तुझ्या संध्याकाळचा एकेक थर चढवू लागले. अडचण एकच. आजोबा चहाचा कप घेऊन शेजारीच उभे असत आणि शंख संपता संपता शेरा मारत. शेरा कापला तर शंखाची विरत जाणारी शेपटीही जायची, आणि सगळी गोडी त्या शेपटीतच. मी तो बारीक करून राहू दिला. मराठीच तर आहे, इथे बंगालात कोणाला कळणार? लिफ्टमध्ये, मासळीबाजारात, बसमध्ये आपण इतकी वर्षं बिनधास्त बोलत आलोच की.

शेजारीणबाईंना या शंखाच्या संगीताचं कुठून तरी कळलं. संदेश मिठाईचा डबा घेऊन ऐकायलाच आल्या. मी मोठा स्पीकर लावला. त्या डोळे मिटून बसल्या. जहाज वळलं, नदी पसरली, आणि स्पीकरमधून आजोबा स्वच्छ म्हणाले, “आज दम कमी पडला हिचा. काल तळलेल्या लुच्या जास्त झाल्या असणार.”

मोठ्या स्पीकरवर बारीक काही राहत नाही, हे मला तेव्हा कळलं. तरी मी निर्धास्त होते. शेजारीणबाईंनी डोळे उघडले आणि आजोबांकडे बघून मराठीत म्हणाल्या, “लुच्या नव्हत्या हो भाऊ. पराठे होते.”

आजोबांच्या हातातला संदेश हातातच राहिला.

वडील रेल्वेत, त्यामुळे बाईंचं लहानपण नागपुरात गेलेलं. “मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?” मी विचारलं.

“बोलली असती तर तुम्ही हळू भांडले असते. टीव्हीवर इतकं चांगलं काही लागत नाही, दीदी.” हसल्या खऱ्या, पण चहा न घेताच उठल्या.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मी फोन धरून बाल्कनीत उभी. सगळीकडचे शंख वाजले, समोरचा नाही. धाकटे, तुझी संध्याकाळ अर्ध्यावर होती. मी आजोबांकडे नुसतं बघितलं. ते आत गेले, अंगात बाहेर जायचा शर्ट चढवून आले आणि कठड्याला टेकून समोर ओरडले, “ताई, चुकलं! तुमचा दम उत्तम आहे!”

खालचा इस्त्रीवाला वर बघायला लागला.

जरा वेळाने पडदा हलला. शंख आला. पहिला लांब, दुसरा त्याहून लांब, तिसरा तर संपेचना. आजोबाच धाप लागल्यासारखे उभे. शेवटी समोरून आवाज, “ऐकून राहिले ना भाऊ? आज उपास आहे!”

मी त्यातलं काहीच कापलेलं नाही. धाकटे, तू म्हणालीस की त्या वाक्यापर्यंत तू कधी पोचतच नाहीस, म्हणून ते इथे लिहून ठेवलं.