डोळ्यांनी पाहिलंत का?

"डोळ्यांनी पाहिलंत का?" असं विचारताना साहेबांचा चष्मा कपाळावर जायचा. सत्तरच्या दशकात मी रिसोडच्या दवाखान्यात नर्स होते. आम्ही कातडीच्या जखमा नीट बऱ्या करतो का, त्यातला कॅन्सर वेळेत ओळखतो का, हे तपासायला ते दरवर्षी अकोल्याहून येत.

असला संशयी माणूस तुम्हीही पाहिला असेल. स्पिरिटची बाटली उघडून हुंगायचे. चहात साखर घातलीय म्हटलं, तरी आधी ढवळून बघायचे. माझं तर डोकंच उठायचं!

आमचे डॉक्टर एकदा ऐटीत म्हणाले, "काचाच्या जखमा सगळ्या बऱ्या झाल्या, साहेब." बायका लुगडं कमरेला घट्ट आवळून नेसत. वर्षानुवर्षांच्या काचानं तिथे जखम होई, आणि एखादीला त्यातूनच कॅन्सर.

"रिठदची गुणाबाई?"

"ती येत नाही आता. म्हणजे बरी असणार."

चष्मा कपाळावर गेला. "डोळ्यांनी पाहिलंत का?"

आमची रीतच तशी होती हो. परत आला नाही, तो बरा झाला!

साहेब मला घेऊन एस.टी.नं रिठदला निघाले. गुणाबाई वांगी तोडत होती. "मी बरी हावो जी! एवढ्या उन्हात कायले आले?"

मी हुश्श केलं. साहेब मात्र तिच्याकडे बघतच राहिले. "लुगडं एवढं वर काहून नेसली?"

तिनं मान खाली घातली. झोपडीत नेऊन मी गाठ सोडली. हळदीच्या चिंधीखाली जखम होती, कडा टणक झालेल्या.

"समद्या मानसाइपुढं कंबर कशी दाखवू, बाई?" ती रडायला लागली.

साहेबांनी तिला स्वतः नागपूरला नेलं, ऑपरेशन करवलं. आमच्या डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "आधी पडदा लावा." गुणाबाई वाचली. पुढे साहेब यायचे त्या दिवशी ती न बोलावता हजर. पडद्याआड मला वण दाखवायची आणि म्हणायची, "सांगा त्याहिले, डोयानं पाह्यलं म्हनून."

साहेब रिटायर झाले. तरी सवयीनं एकदा येऊन गेले. पुढच्या वर्षी आले नाहीत.

"बरे असतील," डॉक्टर म्हणाले.

गुणाबाई वांग्यांची टोपली घेऊन दारात उभी होती. "तुमी डोयानं पाह्यलं काय? चाला बाई, पाहून येऊ."

अकोल्याच्या घरात साहेब खुर्चीत बसले होते. फार वाळले होते. आम्हाला बघून हसले. "मी बरा आहे. कशाला आलात एवढ्या उन्हात?"

गुणाबाईनं टोपली खाली ठेवली. त्यांच्याकडे बघतच राहिली. मग हळूच म्हणाली, "उन्हाळ्यात शाल एवढी गळ्यापर्यंत काहून घेतली जी?"

साहेबांनी मान खाली घातली.